त्रेचाळीस नंबरचा गोटा

आमच्या घरी वाचायला पत्रकंच होती. आई अंगणवाडी सेविका, आणि त्यांच्या संघटनेची पत्रकं तीच लिहायची. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘दप्तर’च्या आधी लिहिता येत होता. मोठेपणी मीही पत्रकं लिहायला लागले तेव्हा अहेरीत कुणाला नवल वाटलं नाही.

दगडांचा नाद मात्र माझा एकटीचा. पलंगाखाली अंड्यांचे दोन ट्रे आहेत, एकेका खळग्यात एकेक दगड. बहुतेक गारगोट्या आणि फटिक, म्हणजे स्फटिक, काही लोखंडाचे. लोखंडाचा दगड ओळखणं सोपं असतं. फरशीच्या टाइलच्या मागच्या खरबरीत बाजूवर तो घासायचा. दगड दिसायला काळाकुट्ट असला तरी रेघ गेरूसारखी लाल उमटली, की समजायचं, हेमॅटाइट. ज्याच्यासाठी आमच्याकडचे डोंगर मोजले जातायत, तो हाच. माती चिकटलेली असली तर दगड हार्डवेअरच्या दुकानातल्या गंज काढायच्या पावडरीत दोन दिवस बुडवून ठेवायचा. मग पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकायचा. ही पद्धत मी मोबाइलवर पाहून शिकले होते आणि ती फार शिस्तीनं पाळत होते.

त्रेचाळीस नंबरचा दगड सगळ्यांत देखणा होता. अंगठ्याएवढा सहा बाजूंचा फटिक, आणि त्याच्या पोटात हेमॅटाइटच्या बारीक लाल चकत्या, पाण्यात तिखट सांडून ते तिथंच थिजावं तशा. तो मला एका गावाकडे जाताना मिळाला. बस रस्त्यावर सोडते, पुढे खिंड चढून पलीकडे उतरावं लागतं. खिंडीच्या माथ्यावर वाटेच्या कडेला दगडांचा ढीग होता. मला वाटलं, रस्त्यासाठी आणून टाकलेली आणि नेहमीप्रमाणे तशीच पडलेली गिट्टी. त्यातला एक उचलला. सरकारी गिट्टीतला दगड उचलल्यामुळे थोडं राजकीय समाधानही वाटलं.

त्या गावामागच्या डोंगरावर खाणीसाठी मोजणीवाले येऊन गेले होते. दगडांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकून गेले होते. त्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलं. त्यातलं एक वाक्य लोकांना आवडलं: ‘या डोंगराचा एक खडाही आम्ही गावाबाहेर जाऊ देणार नाही.’ महिन्याभरानं त्याच गावच्या ग्रामसभेत मी ते वाचून दाखवलं. मोहाच्या झाडाखाली सगळे बसले होते. टाळ्या पडल्या. मग मागून एक म्हातारी बाई उभी राहिली.

“एक खडा बी नाई म्हनते. मंग माह्या पोराचा गोटा कुठी गेला?”

लोक माझ्याकडे नाही, एकमेकांकडे बघायला लागले. शेजारच्या बाईनं मला हळूच समजावलं. या गावातला माणूस बाहेर कामाला निघाला की आपल्या शेतातला एक दगड नेऊन खिंडीत ठेवतो. परत आला की तोच दगड उचलतो आणि घरी येताना बांधावर टाकतो. मधल्या काळात त्याला कुणी हात लावत नाही. लावलाच तर आई लावते, आणि तिनं उचलला म्हणजे तुला या घरात जागा नाही.

“भांडून गेला तो,” म्हातारी सांगत होती. “मिरची तोडाले, तेलंगनात. वावराच्या मोजनीवरून भांडन. मी म्हनलं, मोजू दे, मोजल्यानं काय होते. त्यानं ताट लोटलं अन् गेला. आता तेंदूपत्त्याच्या आधी येऊन राह्यला, निरोप आला. खिंडीत गोटा दिसला नाई तं म्हनंल, मायनं उचलला. तिथूनच वापस जाईल. मी ओळखतो ना त्याले.”

“कसा होता गोटा?” कुणीतरी विचारलं.

“लाल. फटिकाचा.”

मी आजवर बऱ्याच सभांना गेले आहे आणि प्रत्येकीत बोलले आहे. या सभेत मात्र मी माझं पत्रक चारघडी करून पर्समध्ये ठेवलं. सभेनं ठरवलं की हे मोजणीवाल्यांचंच काम असणार. याला कुणाचाही विरोध नव्हता. मीही हात वर केला.

बसमध्ये त्या हाताकडे बघत अहेरीला आले. आईला सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता सगळं ऐकलं आणि म्हणाली, “सकाळची बस सहाला आहे.”

म्हातारी अंगणात मोहफुलं वाळवत होती. मी दगड तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उलटासुलटा केला आणि परत दिला.

“हा नोहे. माह्या पोराचा लाल होता. हा तं पांढरा.”

“मी धुतला, बाई. पावडरीत ठेवला होता, वरची लाल माती निघून गेली.”

“कायले?”

“स्वच्छ दिसावा म्हणून.”

तिनं दगड पुन्हा घेतला आणि खालच्या टोकावरून अंगठा फिरवला. तिथं एक खाच होती. मी ती दोष म्हणून वहीत लिहिली होती.

“नांगराचा फाळ लागला होता इथी,” ती म्हणाली. “होये. माहाच आहे. आंघोळ घातली वं याले! गोट्याले आंघोळ!” मग तिला नंबर दिसला. तिचा चेहरा बदलला. “हे मोजनीवाल्याचं?”

“नाही. माझं.”

“म्हंजे तू बी मोजनी करून राह्यली.”

या वाक्यावर मला बरंच बोलता आलं असतं. खाजगी संग्रह आणि खाणकाम यांतला फरक मी कुठल्याही व्यासपीठावर सिद्ध करू शकते.

“किती आहे हे?”

“त्रेचाळीस.”

“मंग आधीचे बेचाळीस कोनाचे?”

 तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. मोहफुलं सारखी करत म्हणाली, “मी ठेवला तं तो म्हनंल, मायनं उचलला होता, मंग भेवून ठेवला. तूनं नेला, तूच ठेव. अन् बस तिथी. तो आला का सांग त्याले.”

“नंबर खरवडून टाकते.”

“राहू दे. तो इचारंल. मंग सांग.”

दगड ढिगात परत ठेवून खिंडीत मी तीन दिवस बसले. सकाळी चढायचे, उन्हं कलली की गावात उतरून त्या शेजारच्या बाईकडे झोपायचे. ढिगात एकोणीस दगड होते. ते मोजल्यावर मला लाज वाटली आणि मी पुन्हा काही मोजलं नाही. एक काळा, जड दगड होता, बघताक्षणी हेमॅटाइट. घासून खात्री करायला हात शिवशिवत होते. मी हात पाठीमागे धरले. त्याला काय सांगायचं, ते वाक्य जुळवत राहिले. पहिल्या दिवशी ते सात ओळींचं होतं आणि त्यात ‘व्यवस्था’ हा शब्द दोनदा येत होता. दुसऱ्या दिवशी तीन ओळींचं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. डोक्यावर लाल मिरचीचं पोतं. मजुरी मिरचीतच मिळते. त्यानं पोतं उतरवलं, खोकला, आणि मला ओलांडून ढिगाकडे गेला. बराच वेळ शोधत होता. फटिकावरून त्याची नजर दोनदा गेली. तिसऱ्यांदा त्यानं तो उचलला आणि पांढरा नंबर वाचला.

“मोजलं म्हंजे,” तो ढिगालाच म्हणाला. “वावर मोजलं बुढीनं.”

त्यानं दगड खाली ठेवला. उचलला होता तिथं नाही, बाजूला. मग पोत्याकडे वळला आणि ज्या बाजूनं आला त्या बाजूला तोंड करून ते उचलायला वाकला.

माझ्या तीनही ओळी गेल्या. मी म्हणाले, “भाऊ, दगड मी चोरला होता. नंबर माझा आहे. तुमच्या आईनं हात लावला नाही.”

तो वाकलेलाच राहिला. “तुमी कोन?”

“पत्रकवाली.”

“ते तिकडे मजुरांत बी आलं होतं. ‘एक खडा बी’?”

“तीच.”

“अन् मोजनी?”

“नाही झाली. मोजणीवाले वावरात शिरले नाहीत. आईनं शिरू दिलं नाही.”

हे शेवटचं मला त्या शेजारच्या बाईनं सांगितलं होतं. म्हातारी स्वतः त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

त्यानं दगड घेतला, खाचेवरून अंगठा फिरवला, अगदी तिच्यासारखा. उन्हात धरून आतल्या लाल चकत्या पाहिल्या. “काऊन नेला होता?”

“छान दिसला म्हणून.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू या उत्तरात त्याला काही चूक काढता येत नाही आणि काही बरोबरही सापडत नाही. दगड मिरचीच्या पोत्यात टाकला, पोतं डोक्यावर घेतलं आणि गावाच्या बाजूनं उतरायला लागला. खाली मोहाच्या झाडापाशी म्हातारी उभी होती. ती पुढे आली नाही. तो जवळ गेल्यावर तिनं पोत्याला एका बाजूनं हात लावला आणि दोघं घराकडे वळले. काही बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही.

घरी येऊन मी पत्रकाचा पुढचा मसुदा लिहिला. ते वाक्य तसंच ठेवलं, कारण ते खरं आहे. आईनं वाचलं, पेन्सिलीनं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि पलंगाखालून ट्रे ओढून बाहेर ठेवले.

“आधी हे. मग छापू.”

अकरा दगड मी जिथले तिथं ठेवून आले. आलापल्लीच्या रस्त्यावर एकदा, मार्कंड्याजवळच्या नदीपात्रात दोनदा, बाकीचे इकडेतिकडे. पत्रक अजून छापलेलं नाही. एकतीस दगड उरलेत. त्यांच्यावर नंबर आहेत, वहीत वजन आहे, रंग आहे, दोष आहेत. ते कुठून उचलले, ते मी लिहिलेलं नाही.