समोरून लढा

गोंदियाच्या बाजारातल्या त्या व्हिडिओ गेमच्या दुकानात मी एकटीच मुलगी. मला हरवण्यात मुलांना मोठेपणा वाटत नसे आणि माझ्याकडून हरण्याची लाज वाटे, त्यामुळे माझ्याशी कोणी खेळत नसे. दवनीवाड्याहून कॉलेजला येणारा एकजण तेवढा शेजारच्या खुर्चीवर बसून दुसरा रिमोट हातात घ्यायचा.

मारामारीच्या त्या खेळात वरचं बटण हलकेच एकदा दाबलं की आपला गडी एक पाऊल बाजूला सरकतो. समोरच्याचा ठोसा हवेत जातो आणि त्याची कूस उघडी पडते. ही चाल त्याच्या हातात बसली होती. मी सरळ धावून जायची आणि हरायची.

"समोरूनच काऊन येऊन राहिली? बाजूनं ये ना," तो म्हणायचा.

"बाजूला सरकतात ते पळपुटे."

"पळून नाही राहिलो बाई, तुले मारून राहिलो."

बाबा पत्रकं काढायचे. मी त्यांच्या घड्या घालत वाढले. अन्याय दिसला की पत्रक, एवढंच मला ठाऊक. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, 'बगल देऊन जिंकणाऱ्यांनो, हिंमत असेल तर समोरून लढा', आणि भाताच्या खळीनं दुकानाच्या भिंतीवर चार ठिकाणी चिकटवलं. नाव घातलं नव्हतं. पण पोरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्याला 'बगलवीर' म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी तो आला, शेजारी बसला. एकदाही बाजूला सरकला नाही. माझा प्रत्येक ठोसा त्यानं अंगावर घेतला. मी पहिल्यांदाच जिंकले.

"झालं समाधान?" एवढं विचारून त्यानं रिमोट खुर्चीवर ठेवला आणि गेला.

पत्रकं मी नखांनी खरवडली, खळ सुटेना. माफी मागायची होती, पण आमच्या घरातून माफीचं पत्रक कधी निघालंच नव्हतं. शेवटी 'चूक माझी होती' एवढंच एका चिठ्ठीवर लिहिलं आणि रोज दुकानात जाऊन बसले. तो आला नाही. परीक्षा संपल्या, आता कायले येईल, असं पोरं म्हणाली.

एका दुपारी मी दोघांचा खेळ लावला. त्याचा नेहमीचा गडी निवडून रिमोट रिकाम्या खुर्चीवर ठेवला. मग वरचं बटण हलकेच दाबत त्याच्याभोवती एकेक पाऊल फिरत राहिले. तो गडी जागेवर वळून दर वेळी माझ्याकडे तोंड करायचा. मी हात उचलला नाही.

"दूसरा कौन खेल रहा है?" दुकानवाल्यानं विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.