जेवणाच्या टेबलावरची केबिन

माझा धाकटा भाऊ जन्मभर मालट्रक चालवत होता. आता त्याने तोच ट्रक माझ्या जेवणाच्या टेबलावर आणून उभा केला आहे. खरा नव्हे, प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून करायचा, वीतभर लांबीचा. पसारा मात्र खऱ्या ट्रकचा. मी ताट मांडीवर घेऊन जेवते.

बाहेरून ट्रक आठवड्याभरात उभा राहिला तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. पण आतली केबिन साहेबांच्या पसंतीस उतरली नाही. खोक्यात डॅशबोर्ड म्हणून एक चपटा स्टिकर दिला होता.

"ताई, हा काय डॅशबोर्ड आहे? बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र बरं," म्हणाला, स्टिकर केरात टाकला आणि स्वतः करायला बसला.

तेव्हापासून घरातली एक वस्तू जागेवर नाही. माझ्या छत्रीचं कापड कापून सीटची कव्हरं झाली. भांडी घासायचा स्पंज सीटच्या आत गेला. रक्तदाबाच्या गोळ्यांची चंदेरी पट्टी आरशांसाठी हवी, म्हणून गोळ्या बशीत सुट्या. सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली, ते आपलं आपण ओळखायचं. डॅशबोर्डावरची घड्याळं मसुरीएवढी, त्यांतले काटे माझ्या केसांच्या ब्रशाचे. प्रत्येकावर काच म्हणून वॉर्निशचा एकेक थेंब. हे सगळं डोळ्याला भिंग बांधून. हाक मारली की "थांब, हात हलेल." जेवायला बोलावलं तरी तेच.

आणि हे डोळे ताणायचं काम कोणी करावं? ज्याची गाडी डोळ्यांपायी सुटली त्याने!

ट्रकवर ते दोघं असायचे. एक चालवायचा, दुसरा सीटमागच्या बाकावर झोपायचा. जोडीदाराला सगळे पैलवान म्हणत, कारण तो नुसता काडी पैलवान. अर्धं आयुष्य दोघांनी त्या केबिनमध्ये काढलं. मग एक दिवस पैलवानाने मालकाला सांगितलं, "अंधार पडला की याला समोरचं नीट दिसत नाही. याच्या हातात गाडी देऊ नका." शब्दन् शब्द खरा. घरात हा दाराच्या चौकटीला धडकत होता, मी बघत होते. पण धाकटा घरी बसला तो पैलवानाशी अबोला धरूनच. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, अबोला काही सुटला नाही. पैलवानाचं घर दोन गल्ल्या सोडून. रस्त्यात समोर आला की आमचे बंधुराज दुकानाच्या पाट्या वाचत उभे. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

मग पैलवानाची बायको मला भाजीच्या दुकानात भेटली. म्हणाली, "आम्ही कायमचे मुलीकडे चाललो, दुसऱ्या गावाला. आता इकडे येणं होणार नाही." मी घरी येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी धाकटा ट्रकचं खोकं घेऊन आला.

"कोणासाठी चाललंय हे?" मी विचारलं.

"असंच."

"असंच म्हणून कोणी झोपायच्या बाकाला पडदा शिवतं?"

"त्याला उजेडात झोप यायची नाही, ताई."

"मग जा आणि सांग त्याला, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. दोन मिनिटांचं काम."

"तुला नाही कळायचं."

नाहीच कळत. दोन वाक्यांच्या जागी माणूस ट्रक बांधतो, हे मला या जन्मी कळायचं नाही.

ते रविवारी सकाळी निघणार होते. शनिवारी दुपारी फक्त छप्पर बसवायचं राहिलं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. मी म्हटलं, "तो झटपट चिकटणारा गोंद वापरू नकोस. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते, पांढरी पडते. साधा गोंद लाव, सकाळपर्यंत वाळेल."

"तुझी प्रयोगशाळा राहू दे गं. सकाळपर्यंत नाही वाळला तर?"

पालथ्या घड्यावर पाणी. त्याने तोच गोंद लावला, आणि वर धूळ बसू नये म्हणून अख्खा ट्रक डब्यात झाकून ठेवला. वाफेला बाहेर जायची वाटच नाही! चहा झाल्यावर डबा उघडला, तर पुढची काच, बाजूच्या काचा, सगळ्या न्हाणीघराच्या खिडकीसारख्या पांढऱ्या. आत घड्याळं, आरसे, पडदा. बाहेरून काही म्हणजे काही दिसेना.

तो खुर्चीत बसून राहिला. मला जे बोलायचं होतं ते मी बोलले.

"झालं तुझं?"

"नाही, अजून आहे."

तेही बोलून घेतलं. मग चिमटा आणि सुरी आणली आणि काचा एकेक करून मीच उचकटल्या. छप्पर जरा वाकडं झालं, पण आतलं लख्ख दिसायला लागलं.

"बिनकाचेचा ट्रक कसा नेऊ?" धाकटा म्हणाला.

"का, आतल्या माणसांना वारा लागेल?"

सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. एकटा सोडला असता तर कोपऱ्यावरूनच माघारी आला असता. पैलवानाच्या दारात बॅगा बांधलेल्या, टॅक्सी उभी. धाकट्याने एका बॅगेवर ट्रक ठेवला. पैलवानाने चष्मा लावला, वाकला, बघत राहिला. मग काचेच्या मोकळ्या जागेतून बोट आत घातलं.

"पडदा उलटा लावलास."

"कुठे उलटा?"

"डावीकडून ओढायचा होता तो."

"उजवीकडून! मी काय झोपलो नाही त्या बाकावर?"

"तू पडदा लावून कधी झोपलास रे? तुला घोरायला भर दुपारचं ऊन चालायचं."

"आणि तू तोंड उघडं टाकून—"

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. पैलवानाच्या बायकोने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. मला वाटलं, आता तरी हा बोलेल. पण आमच्या ध्यानाने ट्रक परत उचलला! "दुरुस्त करून पाठवतो," म्हणे. पैलवानही म्हणतो, "हां, चुकीचा नको मला."

टॅक्सीत बसल्यावर त्याने मान बाहेर काढली. "डोळे कसे आहेत?"

"आता बरे आहेत." धाकटा ट्रककडे बघत म्हणाला, "तेव्हा नव्हते."

"माहीत आहे," पैलवान म्हणाला, आणि टॅक्सी गेली.

झालं ते बरंच झालं. पण माझं टेबल? आता रोज संध्याकाळी फोन वाजतो. धाकट्याचे हात गोंदाने भरलेले, म्हणून उचलायचा मी.

"ताई, त्याला सांगा, हॉर्नचं बटण पिवळं होतं."

"काळं!" टेबलावरून आरोळी.

"पिवळं म्हणावं. काळं आधीच्या गाडीचं."

"तो आधीच्या गाडीवर होता तरी का, विचार त्याला!"

काल मी फोनचा आवाज मोठा केला, रंगाच्या बाटल्यांमध्ये तो उभा करून ठेवला आणि फिरायला निघून गेले. चांगली लांबवर जाऊन परत आले, तरी बटणाचा रंग ठरला नव्हता.