मोटरसायकलला रेनकोट

माझी मोटरसायकल लडाखपर्यंत जाऊ शकते. दोन वर्षांत मी तिला माधव नगरहून टावर चौकापर्यंत नेली आहे, तीही आभाळ स्वच्छ असेल तर! थेंब पडला की मी छत्री घेऊन पायी बँकेत जातो. (वायरिंगमध्ये पाणी गेलं तर? गंज चढला तर?)

यंदा मात्र धाडस करावंच लागलं. आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या दरवर्षी देवासला दादांकडे बसतात. वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून महालक्ष्म्या प्रथमच आमच्याकडे उज्जैनला येणार होत्या. मुखवटे पणजीच्या काळचे, शाडूचे, आणि रंगही त्याच काळचा. पाणी लागलं की ज्येष्ठा कोण नि कनिष्ठा कोण, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसतं!

"बसनं जाऊ," बायको सुनंदा म्हणाली.

"अगं, टूरिंगची गाडी आहे! टेंशन नको घेऊ."

देवासला मुखवटे मी माझ्या खास वॉटरप्रूफ बॅगेत ठेवायला लावले. निघताना वहिनींनी सुनंदाला एक मोठा कुकर दिला, नैवेद्याच्या सोळा भाज्यांसाठी. नवा कोरा, अजून शिट्टीही न मारलेला. तो मांडीवर घेऊन ती मागे बसली. लडाखच्या गाडीवर कुकर! मी मान वर करून कुणाकडे बघितलं नाही.

अर्ध्या वाटेत आभाळच फाटलं. रेनकोट एकच होता. मी उतरलो आणि तो गाडीला घातला.

"अहो, मी भिजतेय ना!"

"तू वाळशील गं. मीटर डिजिटल आहे!"

"गाडीची इतकी फिकर! बायकोची काही फिकर?"

पुढे सखल रस्त्यावर पोटरीभर पाणी. इंजिनात जाईल म्हणून मी ते बंद केलं आणि गाडी ढकलत निघालो; मागून सुनंदा, कुकर डोक्यावर घेऊन. (इंजिन चालू असलं की सायलेन्सर पाणी बाहेर फेकतो, बंद केलं की पितो, हे ज्ञान नंतरचं!) मधोमध पाय सटकला. मी पाण्यात बसलो, गाडी माझ्या खांद्यावर रेलली आणि गाडीला बांधलेली बॅग पाण्याखाली गेली.

कसाबसा पलीकडे पोचून बॅग उघडली. ती खरोखरच वॉटरप्रूफ निघाली: आत शिरलेल्या पाण्याचा एक थेंब बाहेर येईना! घरी आत्यापासून शेजारणींपर्यंत सगळ्या वाट बघत होत्या. त्यांच्यापुढे आता काय ठेवू? पाण्यात हात घातला, तर माझा झब्बा हाताला लागला.

"सुनंदा, मुखवटे?"

"कुकरमध्ये." शांतपणे. "तुम्ही दादांना गाडीचे दिवे दाखवत होतात ना, तेव्हाच काढले नि बॅगेत तुमचा झब्बा कोंबला. टॉवेलात गुंडाळलेत. रबर एकदम घट्ट आहे याचं."

तिनं झाकण जरासं उचललं. दोघी कोरड्या ठणठणीत, हसऱ्या! मला रडूच आलं. भर रस्त्यात मी कुकरला हात जोडले, आणि मग सुनंदालाही. माझ्यावर काडीचाही विश्वास नसलेली बायको मिळाली, याबद्दल मी देवाचा जन्मभर ऋणी आहे.

गाडी अर्थातच सुरू झाली नाही. शेवटी भाजीचा एक रिकामा टेम्पो थांबला. कुकरात कोण आहे हे कळताच ड्रायव्हरनं चपला काढल्या.

"भाभीजी, माताजी को लेकर आगे बैठो. भाई साब, आप पीछे, गाड़ी पकड़ के!"

घरी पोचलो तेव्हा आत्या दारात हळदीकुंकू घेऊन उभी होती. तिनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "महालक्ष्म्या कशाच्या पावलांनी आल्या?"

"सोन्याच्या पावलांनी!" सुनंदा म्हणाली.

आत्याची नजर टेम्पोच्या मागच्या बाजूला गेली. तिथे मी, निथळत, रेनकोट घातलेल्या गाडीला मिठी मारून बसलो होतो.

"आणि हा गं?"

"ते होय? ते मोटरसायकलला देवास दाखवायला घेऊन गेले होते!"