पेन्सिलीतलं "हे पटलं नाही"

मंडळी, न्यूरल नेटवर्कच्या आपल्या ईमेल-यादीवर मध्यंतरी एका नव्या शोधनिबंधाची बातमी आली होती. कॉलेजच्या फोनलाइनवरून मी तो इथे धुळ्यात कसाबसा उतरवून घेतला आणि छापायला दिला. आमच्या जुन्या प्रिंटरला ती फाइल कळेना. निबंधाऐवजी त्याने नुसत्या कोडची पानंच्या पानं ओकली.

संगणक-कक्ष सांभाळणारे नाना म्हणाले, "ताई, बठ्ठा कागद सरी गया, पन वाचाले काहीच नई शे."

सगळा कागद संपला आणि वाचायला काहीच नाही, हे मी वैतागून यादीवर लिहिलं. आपल्यातल्याच मिलिंदभाऊंनी अमेरिकेतून माझा पत्ता विचारला, आणि आज दुपारी पोस्टमन पाकीट देऊन गेला. आत त्यांची स्वतःची, वाचलेली छापील प्रत. आमची अजून भेटही नाही.

तास संपल्यावर स्टाफरूममध्येच वाचायला बसले. एका समीकरणाशेजारी त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, "हे पटलं नाही."

मिलिंदभाऊ, प्रतीबद्दल आभार आहेतच, पण त्या तीन शब्दांबद्दल जास्त. मला ते समीकरण पटलंय. या विषयावर माझ्याशी भांडायला धुळ्यात आजवर कुणी नव्हतं.

सांगा बघू, का नाही पटलं?