मेळकुंदे सरांचं मनगट

मेळकुंदे सर समोर आलेल्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. त्यांची नजर थेट त्याच्या डाव्या मनगटावर जायची, तिथं क्षणभर थांबायची आणि मगच वर चढायची. तेवढ्यात माणसाला खुर्ची द्यायची, बाकावर बसवायचं की दारातच उभं ठेवायचं, हे ठरून गेलेलं असायचं. बसवकल्याणातल्या आमच्या मराठी शाळेत मी रुजू झालो, त्या दिवशी ते मुख्याध्यापकांच्या खोलीत बसले होते. माझ्या मनगटावर काहीच नव्हतं. त्यांनी बघितलं, हाताने बाकाकडे खूण केली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मी बाकावर बसलो. खोलीत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

सर भूगोल शिकवत. बरे शिकवत, असं मुलं म्हणायची. मला कधी तसं वाटलं नाही, पण माझं मत निर्मळ नाही हे मी आधीच सांगून टाकतो.

ती नव्वदनंतरची वर्षं. बसवकल्याणच्या, म्हणजे आमच्या कल्याणच्या, बाजारात रंगीत टीव्ही मांडलेली दुकानं आली होती. गावोगावची पोरं पुण्याला, हैदराबादला कंपन्यांत जायला लागली होती आणि सणाला परत येताना बूट, गॉगल, घड्याळं घालून यायची. सरांचे एक मेहुणे दुबईत होते. त्यांच्या कृपेने आणि गुलबर्ग्याच्या दुकानदारांच्या चिकाटीने सरांकडे चार घड्याळं जमली होती. शिक्षण खात्याचे साहेब येणार असले की स्टीलच्या पट्ट्याचं. सोयरिकीच्या बैठकीला सोनेरी साखळीचं. हैदराबादकडच्या लग्नांना एक भलंमोठं, ज्याच्या तबकडीत आणखी तीन छोट्या तबकड्या होत्या आणि त्या कशासाठी होत्या हे सरांनाही ठाऊक नव्हतं. आणि मयताला काळ्या चामड्याच्या पट्ट्याचं. “मातीला सोनेरी घालून गेलं की माणूस हलका दिसतंय,” असं ते म्हणत. शाळेतले जुने लिपिक वारले तेव्हा तिरडी बांधून तयार होती आणि सर घरी घड्याळ बदलायला गेले होते. ते येईपर्यंत माणसं निघून गेली होती.

चारही घड्याळं चालू ठेवायची त्यांना गरज वाटत नसे. सेल संपला तरी वर्ष वर्ष बदलत नसत. तास संपायला किती वेळ आहे हे ते वर्गातून बाहेर येऊन हुसेनभाई शिपायाला विचारत. एकदा मी न राहवून म्हणालो, सर, सेल कामून बदलत नाही? त्यांना माझी कीव आली.

“मेत्रे, टाइम बगायला भिंतीवर घड्याळ हाय की. मनगटावरलं लोकांनी बगायसाठी असतंय.”

नोकरी लागून दोन वर्षं झाल्यावर मी घड्याळ घ्यायचं ठरवलं. सर आपणहून गुलबर्ग्याला माझ्याबरोबर आले. दुकानात त्यांनी माझ्यासाठी घड्याळ कसं निवडलं ते मी जन्मात विसरणार नाही. आत यंत्र कसलं आहे, पाणी शिरतं का, काटे नीट दिसतात का, यातलं एक अक्षर त्यांनी विचारलं नाही. एकेक घड्याळ ते स्वतःच्या हाताला बांधत आणि आरशासमोर उभे राहत. मग नमस्कार करत. मग नसलेला कप उचलून चहा पीत. मग कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवल्यासारखं करत, आणि प्रत्येक वेळी बाही किती वर सरकते ते आरशात न्याहाळत. दुकानदाराने पंधरा घड्याळं काढली. बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मला मान वर करवेना.

“नमस्कार करताना दिसलं पाहिजे, चहा पिताना चमकलं पाहिजे आनि वर्गणी देताना बाहीत लपलं पाहिजे,” ते मला समजावत होते. “ह्यो हिशेब ज्याला जमला, त्याला कुठंबी खुर्ची मिळती.”

मी शेवटी मोठ्या आकड्यांचं एक साधं घड्याळ घेतलं. परतीच्या बसमध्ये ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आम्ही धनगर. माझे आजोबा मेंढरं घेऊन बालाघाटच्या माळांवर फिरत. वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या काळात मेंढरं कमी झाली, चार एकर जमीन झाली. अप्पा शाळेत कधी गेले नाहीत. धाकटी बहीण शोभा बारावी झाली आणि उमरग्याहून स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत. मेळकुंदे सरांना कुठून तरी कळलं. सोयरिकीच्या बैठकीत चार शब्द बोलायला मोठा माणूस लागतो, आणि कल्याण तालुक्यात आपल्याइतका मोठा माणूस नाही, यावर सरांचा विश्वास होता. ते म्हणाले, मी येतो. मी नको म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

पाव्हणे यायच्या आधी तासभर सर आले. त्यांनी आमचं घर बघितलं, जाजम बघितलं, अप्पांचं नवं धोतर आणि पटका बघितला आणि नजर मनगटावर येऊन थांबली. त्यांनी आपलं सोनेरी घड्याळ काढलं. अप्पा म्हणाले, मला कशाला, मला त्यातलं कळत न्हाई. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “घाला अप्पा. चार लोकांत बरं दिसतंय.”

हे वाक्य माझं आहे. सरांचं नाही.

अप्पांचं मनगट काठी धरून धरून रुंद झालेलं. साखळी पुरेना. मी एका बाजूने ओढली, सरांनी दुसऱ्या बाजूने दाबली, तेव्हा कडी लागली, आणि तिच्यात कातडीचा चिमटा बसला. हात गुडघ्यावर ठेवा, हलवू नका, असं सरांनी सांगितलं. हात मोडून फळ्या बांधलेला माणूस बसावा तसे अप्पा दोन तास बसून राहिले.

बैठक चांगली चालली होती. मुलाचे मामा उमरग्यात धान्याचे अडते, मोकळ्या स्वभावाचे. शोभाने पोहे दिले, दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. सर बोलतच होते. शाळा आपल्यामुळे कशी चालते हे सांगून झालं, मग आमदारांची आणि आपली ओळख. मामांनी मध्येच अप्पांकडे वळून विचारलं, “पाव्हणं, किती वाजले? साडेपाचची बस गाठायची हाय.”

अप्पांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं. तबकडीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून दारातून अंगणात बघितलं. गोठ्याची सावली कुठवर आली आहे ते बघितलं आणि म्हणाले, “साडेचार व्हायला आले असतील.”

मामांनी सहज वाकून त्यांच्या हाताकडे बघितलं. घड्याळात पावणेअकरा वाजले होते.

“हे तर बंद हाय की,” मामा म्हणाले.

“असंल,” अप्पा म्हणाले. “माझं न्हाई हे. सरांचं हाय. मला ह्यातलं वाचता येत न्हाई.”

अप्पांच्या आवाजात लाज नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. तिथंच ते मिटलं असतं. मामा हसायलाही लागले होते, चांगलं हसू होतं ते. पण बंद घड्याळ सरांचं आहे हे चार लोकांत उघडं पडलं होतं आणि ते सरांना सोसलं नाही. ते पाव्हण्यांकडे झुकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “मेंढरामागं जल्म गेलेलं मानूस, त्याला काय कळतंय. चालू घड्याळबी त्यानं बंद पाडलं असंल. मीच म्हनलो, लेकीच्या बापासारखं जरा दिसावं.”

माझ्या हातावर माझं स्वतःचं घड्याळ होतं, चालू होतं, चार सत्तावीस झाले होते. ते मला दिसत होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसलो होतो.

शोभा दारातून पुढे आली. पाव्हण्यांसमोर अप्पांच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि नखाने कडी उचकटून घड्याळ काढलं. मनगटावर लाल वळ उठला होता. तो तिने अंगठ्याने एकदा चोळला. मग उठून घड्याळ सरांपुढे धरलं.

“सर, हे घ्या. सेल घाला ह्याला.”

पाव्हणे चहा घेऊन गेले. आठ दिवसांनी उमरग्याहून निरोप आला की पोरगी हुशार आहे, पण घरची माणसं दिखाऊ वाटली. दिखाऊ! ज्या घरात आरसासुद्धा हाताएवढा होता, त्या घराला. शोभाचं लग्न पुढच्या वर्षी निंबर्ग्याला झालं. नवरा वीज खात्यात लाइनमन. तिचं बरं चाललं आहे, वाईट दिवसही आले, कुणाचे येत नाहीत.

पाव्हणे गेल्यावर त्याच संध्याकाळी मी अप्पांबरोबर शेताकडे चाललो होतो. मी सरांना शिव्या देत होतो. त्या मला घरात सुचल्या नव्हत्या, वाटेवर सुचत होत्या. अप्पा म्हणाले, “लांडग्याची चाहूल लागली की भेकड मेंढरू आदी कळपाच्या मदी घुसतंय. दुसऱ्याला भाईर ढकलून. त्याला राग न्हाई धरायचा. ते भ्यालेलं असतंय.”

मी म्हणालो, लांडगा कुठं होता इथं? अप्पा म्हणाले, “त्याला दिसत असंल.”

त्यानंतर सहा वर्षं आम्ही एकाच शिक्षकखोलीत बसत होतो. सर माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत. त्या दिवसाचा त्यांना विसर पडला होता, किंवा लक्षात ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकदा त्यांनी मला शोभाच्या लग्नाचं काय झालं असंही विचारलं. मी हजेरीपुस्तक उचलून वर्गावर गेलो. तोवर सगळ्यांच्या खिशांत मोबाइल आले होते आणि वेळ बघायला माणसं खिशात हात घालायला लागली होती. मनगटाकडे कुणाचं लक्ष जाईना. सर टेबलावर हात पसरून बसत, बाही दुमडत. नवीन आलेले शिक्षक त्यांच्या हाताशेजारची पाण्याची बाटली मागून घेत आणि निघून जात. हे बघताना मला सुख होत असे. ते मी लपवत नाही.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेत समारंभ झाला. मला बोलायला सांगितलं होतं. बरं नाही असं सांगून मी मागच्या रांगेत बसलो. शाली, नारळ, भाषणं चालू होती, आणि दारातून अप्पा आले. काखेत नवंकोरं काळं घोंगडं होतं, आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, गावच्या विणकराने विणलेलं. मला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी येऊ दिलं नसतं. ते सरळ व्यासपीठावर चढले, घोंगडं झटकलं आणि सरांच्या खांद्यावर पांघरलं. मग हात जोडून म्हणाले, “तीस वर्सं पोरं शिकविलाव.” आणि खाली उतरले.

फोटो निघाला. फोटो निघाल्याबरोबर सरांनी घोंगडं दोन बोटांनी उचलून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि नव्या कोटावर चिकटलेले लोकरीचे केस झटकायला लागले. कार्यक्रम संपला. शाली त्यांच्या मुलाने मोजून पिशवीत भरल्या. घोंगडं तिथंच राहिलं. हुसेनभाईंनी ते घडी घालून माझ्याकडे आणून दिलं.

मी घरी जाऊन अप्पांसमोर ते टाकलं आणि म्हणालो, बघा, सोडून गेला तुमचा मास्तर. मला वाटलं, आता तरी अप्पांच्या तोंडून एखादा कडू शब्द निघेल. त्यांनी घोंगडं उलगडलं, त्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या वेचून काढल्या आणि म्हणाले, “नवं हाय. टोचलं असंल.”

सर चार वर्षांनी गेले, बिदरला मुलाकडे असताना. मयत कल्याणला आणलं. निरोप मलाही आला होता, पण मी शाळेत परीक्षा आहेत असं सांगितलं. परीक्षा नव्हत्या. अप्पा सत्तरीला आले होते, गुडघे धरले होते. तरी सकाळच्या बसने एकटे गेले आणि दुपारी परत आले. अंगणात पाय धुवायला बसले. मी पाणी ओतत होतो. काही विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं.

“लई मान्सं आल्ती,” अप्पा आपणहून म्हणाले. टाचा घासल्या. “लई. त्याला बरं वाटलं असतं.”