पडदेवालीचा पहारा

पडदेवालीचं आणि तिच्या धाकट्या दिराचं लग्नापासूनच वाकडं. वहिनीनं भाऊ तोडला, हे त्याचं म्हणणं; हा आयतोबा, हे तिचं. पडदे शिवायचं दुकान तिनं उभं केलं होतं, नवरा खिडक्या मापायचा. जीभ तिची कात्रीसारखी, गिऱ्हाइकंही दबकून असत.

एके दिवशी नवऱ्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात गेला, वाचा गेली, गिळणंही गेलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, "मेंदूचा तुकडा मेला की शरीरातल्या रक्षक पेशी तिकडे धावतात. जातात साफसफाईला, पण त्या भरात शेजारच्या चांगल्या पेशींनाही झोडपतात."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"दोघांनाही! आणि इकडे बाकीच्या शरीराची राखण ढिली पडते. एक घोट चुकून फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होईल, मग तुमच्या यजमानांत झुंजायची ताकद नाही. गिळणं तपासेपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. नळीतून जेवतील."

तिनं खाटेशी ठाण मांडलं. पण ती औषध आणायला खाली गेली, तेवढ्यात दीर डब्यात सूप घेऊन आला. बापाच्या माघारी ज्यानं आपल्याला ‘छोट्या, छोट्या’ करत भरवून वाढवलं, तो भाऊ कोरडे ओठ चाटतोय हे त्याला बघवेना. ती परतली तेव्हा नवरा खोकून लालबुंद झाला होता.

"भावोजी, ठेवा तो चमचा!"

"उपाशी मारताय तुम्ही त्याला, वहिनी!"

"मारताय तुम्ही! भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत केलीत. चालते व्हा!"

तिनं डबा दाराबाहेर भिरकावला. नवरा सगळं बघत होता.

संध्याकाळी ताप चढला, छाती घरघरू लागली. त्यानंतर तिनं दिराला खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही. तो बाहेरून शिव्या घालायचा, ती आतून दुप्पट परतवायची. माणूस मरणाच्या दारातून मागे आला तो इंजेक्शनांनी आणि तिच्या त्या हट्टानं.

अखेर गिळण्याची परवानगी मिळाली. तिनं दाटसर खिरीचा पहिला चमचा पुढे केला. नवऱ्यानं ओठ घट्ट मिटले, डाव्या हातानं तिचा हात झटकला आणि आजारपणातला पहिला शब्द काढला, "छोट्या."

ते तिच्या काळजाला लागलं. रागही असा आला, की वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावी. मग तिनं दिराला फोन लावला.

"या. चमचा अर्धाच भरायचा. ठसका लागला तर हात मोडीन तुमचा."

दीर धावत आला. नवऱ्यानं लगेच तोंड उघडलं.