आत्याच्या हातातली घंटा

आमच्या घराण्यात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते मला कुणी सन्मानाने दिलेलं नाही, बाकीची खाती जमेनात म्हणून उरलं. माझी पुरणपोळी फुटते, माझ्या रांगोळीतला मोर कोंबडीसारखा दिसतो आणि लग्नाच्या आमंत्रणयादीत माझ्याकडून नेमकी नवरदेवाची मामी राहते. पण गोष्ट म्हटली की पोरं माझ्याकडे धावतात. त्याचा मी भलता रुबाब करायचे. त्या रुबाबानेच माझी वाट लावली.

मी मुलुंडला राहते. बँकेतून लवकर निवृत्त झाले. नवरा रात्री आठला उगवतो. भाऊ आणि भावजय भांडुपला, दोघंही नोकरी करणारे. त्यांची नऊ वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची, दुपारी शाळेच्या बसमधून माझ्याकडे उतरायची आणि सात वाजता तिची आई तिला घेऊन जायची. मला मूलबाळ नाही. दुपारी दोनला मी खिडकीत उभी असायचे, बस दिसायच्या आधीपासून.

निवृत्तीनंतर मला जाडजूड पुस्तकांचा नाद लागला होता. जादूची राज्यं, बोलणारे डोंगर, शापित मुकुट, असली. या वयात कोण वाचतं हे, असं नवरा म्हणायचा आणि मी हळूच पान उलटायचे. त्या पुस्तकांतल्या काळ्या राजाची मला कधी भीती वाटली नाही. तो बिचारा पहिल्या पानापासून वाईट असतो. भीती वाटायची ती एखाद्या भल्या माणसाची, जो तीनशे पानं चांगला वागतो आणि मग ती शक्तीची वस्तू बघून म्हणतो, मी एकदाच वापरीन, चांगल्या कामासाठी. तिथे मी पुस्तक मिटून चहा टाकायला उठायचे.

तसलीच एक गोष्ट मी भाचीसाठी रचली. एका डोंगराळ देशात एक पितळी घंटा असते. ती जो वाजवेल त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. पण दर वेळी वाजवणाऱ्याच्या मनातून आपल्या एका माणसाचा चेहरा पुसला जातो. मेंढ्या राखणाऱ्या एका मुलीला ती घंटा सापडते आणि ती गावातल्या म्हाताऱ्या सुईणीकडे नेऊन देते. सुईण मागे सरकते आणि दोन्ही हात पदराखाली लपवते.

"का पण?" भाचीने विचारलं. "ती तर चांगली आहे ना?"

"म्हणूनच घाबरते."

"मी असते तर एकदाच वाजवली असती. सगळ्यांना सांगितलं असतं, भांडू नका."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

तिने विचार केला. "दुसऱ्या दिवशी होमवर्क कॅन्सल."

मी खूप हसले. आणि गोष्टीत रंग भरायला आमच्या कपाटातली एक घंटा काढली. कुणाच्या तरी सत्यनारायणाला वाटलेली, देवघरात आधीच दोन असल्यामुळे पडून राहिलेली. ही बघ ती, म्हणाले, त्या देशातून आली. भाचीचे डोळे केवढे झाले. गोष्ट सांगणाऱ्या माणसाला तसे डोळे दिसले की आणखी काही लागत नाही.

पुढचं फार सोपं झालं. तिने दुधीची भाजी ताटात बाजूला सारली, मी घंटा वाजवली. तिने भाजी खाल्ली. पाढे म्हणायला कंटाळा केला, वाजवली. तेराचा पाढा धडाधड. मी भावाला फोन करून मिरवलं, तुम्हाला दोघांना नाही जमलं ते मला जमतंय बघ. तो म्हणाला, ताई, तू ग्रेट आहेस. मी मान्यही केलं.

घंटा वाजली की ती हसायची, हे सुरुवातीचं. नंतर हसायची थांबली. नंतर मी कपाटाकडे नुसतं पाहिलं तरी तिचा हात घास उचलायचा. मला ते दिसलं होतं. दिसलं नव्हतं असं लिहायचा मोह आत्ताही होतोय.

त्या मंगळवारी मी उसळीत घालायच्या वाटपासाठी सुकं खोबरं भाजायला ठेवलं होतं, लोखंडी कढईत, मंद गॅसवर. आमचं मालवणी रक्त, वाटपाशिवाय उसळ म्हणजे आजाऱ्याचं जेवण. कोथिंबीर नव्हती. खाली भाजीवाली बसते, दोन मिनिटांचं काम. भाची सोफ्यावर उड्या मारत होती. मी घंटा वाजवली आणि म्हणाले, मी येईपर्यंत इथून हलायचं नाही. लॅचचं दार ओढून घेतलं.

खाली गेले आणि मला गप्पा सुचल्या. कोथिंबीर, मग आलं, मग भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण. ती माझ्या डोक्यावरून वर बघत म्हणाली, "मावशी, पाचव्या माळ्यावर धूर कसला? तुमच्याच किचनमधून येतोय ना?"

लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट अडकलं होतं. माझे गुडघे मला दुसऱ्या मजल्यापर्यंतच ओळखतात, पण त्या दिवशी मी पाचही मजले चढले. चढताना एकच गोष्ट मनात घोकत होते, ती बाहेर आली असेल, लॅच आतून उघडतो, ती शेजारी गेली असेल. पाचव्या मजल्यावर कुणीच नव्हतं. दार बंद होतं. किल्ली तिसऱ्या खेपेला कुलपात गेली.

आत काही दिसत नव्हतं. खोबऱ्याचं तेल सुटून कढईने पेट घेतला होता. मी गॅस बंद केला, कढईवर परात पालथी घातली, खिडक्या उघडल्या. मग सोफ्याकडे वळले.

ती तिथेच होती. पाय वर घेऊन, शाळेचा फ्रॉक नाकावर धरून, खोकत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दरवाजा तिच्यापासून सहा पावलांवर.

मी तिला उचलून बाल्कनीत नेलं. तोंड धुतलं, पाणी पाजलं. खोकला हळूहळू थांबला.

"बाहेर का नाही गेलीस गं?"

"तू घंटा वाजवली होतीस ना," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. मलाच कसं आठवत नाही याचं थोडं नवल होतं.

पाच वाजले होते. सातला तिची आई येणार. तिच्या केसांना धुराचा वास होता, पण केस धुता आले असते. कढई घासता आली असती. राहिली फक्त ती, आणि ती आईला सगळं सांगते. सांगितलं की संपलं. स्टेशनजवळ पाळणाघर आहे, भावजयीने पूर्वी चौकशीही केली होती. मग दुपारी दोनला खिडकीत उभं राहून मी काय बघणार?

मघाशी वाजवून ठेवलेली घंटा टीव्हीशेजारी होती. मनात आलं, एकदाच. तिला सांगू, आईला बोलायचं नाही. तिच्या आईला उगाच घोर कशाला, झालं ते झालं, पोरगी ठीक आहे. सगळं खरंच होतं, आणि सगळ्यांच्या भल्याचंच होतं. मी उठले आणि घंटा हातात घेतली.

भाचीने ती पाहिली. पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिली.

"काय करू, आत्या?"

मघाशी जिन्यात वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. मी जे म्हणेन ते ती करणार होती. आज, आणि कदाचित कायमचं. घंटेचा लोलक मी बोटाने दाबून धरला होता आणि ते बोट काढायची मला हिंमत होईना. तशीच ती फडक्यात गुंडाळून जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि भावजयीला फोन लावला.

"ताई, या वेळेला फोन? बरी आहे ना ती?"

"बरी आहे. आधी तेवढं ऐक, ती बरी आहे." मग सगळं सांगितलं, खोबऱ्यापासून नाही, दुधीपासून.

तिकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोनेक महिने."

"शाळेतल्या बाई सांगत होत्या, मधल्या सुट्टीची घंटा झाली की ही बाकावरून उठत नाही, कुणीतरी काहीतरी सांगायची वाट बघते. मला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन. मी निघतेय. तोपर्यंत तिला काही सांगू नका, ताई. काहीच."

फोन ठेवून मी तिच्यासमोर खुर्चीवर बसले. घरभर जळक्या खोबऱ्याचा वास होता.

"आत्या, मी उठू?"

ऊठ म्हटलं तर तो हुकूम. विचारू नकोस म्हटलं तर तोही हुकूमच. उभ्या आयुष्यात न केलेलं काम मी केलं, तोंड बंद ठेवलं. ती माझ्या चेहऱ्यात उत्तर शोधत होती. मी चेहराही दुसरीकडे वळवला.

"आत्या?"

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. पंखा फिरत होता. दहा मिनिटं गेली असतील, जास्तही. मग सोफ्याची स्प्रिंग वाजली. ती माझ्याकडे बघत बघत, भिंतीच्या कडेकडेने, फ्रीजपर्यंत गेली, दार उघडलं आणि तिथेच थांबली, कुणी ओरडतंय का ते ऐकत. कुणी ओरडलं नाही. तिने आइसक्रीमचा डबा काढला. जेवणाआधी आइसक्रीम आमच्याकडे चालत नाही. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.